लहान ऑपरेटिंग सिस्टीमला मोठा प्लॅटफॉर्म लागतो का?

मागील अंकात 'हायकू' या ऑपरेटिंग सिस्टीमची ओळख करून दिली होती. बी-ओएस ही १९९०च्या दशकातील सिस्टीम, तिच्या कंपनीची मालमत्ता २००१ साली पाम कंपनीने विकत घेतल्यावर, बंद पडली. तिच्या चाहत्यांनी त्याच वर्षी ती मुक्त स्वरूपात नव्याने लिहायला घेतली आणि २००४ पासून तिला हायकू हे नाव आहे. त्या टिपणावर आलेल्या पत्रांचा रोख बहुतांशी एकाच मुद्द्याकडे आहे : डॉटनेटसारखा, म्हणजे सी-शार्प वगैरे भाषांत लिहिलेले प्रोग्राम ज्याच्या आधारे चालतात तो मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म, हायकूसारख्या लहान सिस्टीमवर असायला हवा का? म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : सा. न. वि. वि. उद्यमबागेत आमचा मशीनिंगचा लहान कारखाना आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग येते, आम्ही काम करून परत पाठवतो. बिले, जॉबवर्कची चलने आणि साठ्याची नोंद यांसाठी एका ओळखीच्या प्रोग्रामरने सी-शार्पमध्ये सॉफ्टवेअर करून दिले आहे. विंडोज १०ला मिळणारे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि आमचे दोन्ही संगणक विंडोज ११ घेत नाहीत. हायकू जुन्या संगणकावर चपळ चालते असे आपण लिहिले होते. परंतु इंजिनिअरिंगला असलेला माझा मुलगा म्हणतो की जिच्यावर डॉटनेट नीट चालत नाही ती सिस्टीम म्हणजे हौशी लोकांचे खेळणे. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? आणि उद्या हायकूवर डॉटनेट आले तर आमचे सॉफ्टवेअर त्यावर चालेल का?
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि त्यांची उत्तरे उलटसुलट आहेत. हायकूसारख्या सिस्टीमला डॉटनेटची गरज आहे का, असे विचाराल तर माझे उत्तर 'आहे' असे आहे. ते आल्यावर आपले बिलांचे सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, याचे उत्तर मात्र जवळजवळ खात्रीने 'नाही' असे द्यावे लागते. आपला रोजचा व्यवहार या दुसऱ्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे ते आधी घेतो.

डॉटनेट या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरतात. २००२ साली बाजारात आलेले डॉटनेट फ्रेमवर्क हे विंडोजपुरतेच होते आणि ४.८च्या मालिकेवर त्याची वाढ थांबली. मायक्रोसॉफ्टने २०१४च्या नोव्हेंबरात सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली, तेव्हापासून जे नव्याने घडत गेले, २०१६ साली डॉटनेट कोअर म्हणून बाहेर पडले आणि २०२० पासून नुसते डॉटनेट म्हणवते, ते वेगळे. लिनक्सवर, मॅकवर किंवा हायकूवर नेण्याच्या गोष्टी होतात त्या या दुसऱ्याच्या. आपल्याकडील सॉफ्टवेअर दहा-बारा वर्षांपूर्वीचे असेल तर ते पहिल्या प्रकारचे असणार आणि त्याच्या खिडक्या व बटणे 'विंडोज फॉर्म्स'मध्ये केलेली असणार. विंडोज फॉर्म्स म्हणजे विंडोजच्याच मूळ बटणांवर चढवलेले आवरण आहे. २०१९ साली ते नव्या डॉटनेटमध्ये आणले गेले खरे, पण तेही विंडोजपुरतेच. त्यामुळे हायकूवर डॉटनेटचा गाभा शंभर टक्के नीट चालू लागला तरी आपल्या प्रोग्रामची पहिली खिडकीसुद्धा उघडणार नाही.

खिडकीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. जॉबवर्कचे चलन आपण तीन प्रतींत काढता : मूळ प्रत माल घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी आपली. कार्बन लावून तिन्ही प्रती एका फटक्यात निघाव्यात म्हणून आपल्याकडे अजूनही डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल, तर सी-शार्पचा प्रोग्राम बहुधा चलनाचे चित्र तयार करून प्रिंटरला देत नाही. तो विंडोजच्या 'विनस्पूल' या लायब्ररीला, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचाला, थेट हाक मारून प्रिंटरच्या भाषेतले संकेत जसेच्या तसे पाठवतो, कारण तसे केले तरच छपाई झटपट होते आणि ओळी आखलेल्या चौकटीत बसतात. ही हाक डॉटनेटच्या बाहेरची आहे. ती ऐकणारी लायब्ररी हायकूवर नाही, लिनक्सवरही नाही. आपल्या प्रोग्रामरला सोर्स कोडमध्ये 'डीएलएल-इम्पोर्ट' हा शब्द शोधायला सांगा. तो जितक्या ठिकाणी सापडेल तितक्या ठिकाणी आपला प्रोग्राम विंडोजला खिळलेला आहे. त्याच्या जोडीला डेटा एसक्यूएल सर्व्हरमध्ये असेल, बिलांचे नमुने क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये असतील, डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनला ड्रायव्हर लागत असेल, तर यांपैकी एकही गोष्ट डॉटनेटच्या पोटात येत नाही. विंडोज सोडणे भागच असेल तर लिनक्सवर मोनो (डॉटनेटचा स्वतंत्रपणे लिहिलेला मुक्त अवतार) किंवा वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा थर) यांच्या आधारे आधी प्रयत्न करून पाहावा. मोनोमध्ये विंडोज फॉर्म्सची स्वतंत्र नक्कल आहे, आणि २०२४च्या ऑगस्टपासून त्या प्रकल्पाची जबाबदारी वाइनच्याच लोकांकडे आहे. हायकू २०२४च्या सप्टेंबरात पाचव्या बीटा, म्हणजे चाचणीच्या, आवृत्तीपर्यंत पोहोचली. जिला तिचे कर्तेच बीटा म्हणतात तिच्यावर कारखान्याचे हिशेब ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुलनेसाठी जावाकडे पाहा. बेळगावातील कुठल्याही कर सल्लागाराच्या संगणकावर टीडीएसचे विवरणपत्र तयार करण्याचे आणि ते तपासण्याचे जे सरकारमान्य साधन असते, ते जावावर बेतलेले आहे. जावाची खिडक्या रंगवण्याची यंत्रणा सोबतच येते, त्यामुळे असा प्रोग्राम दुसऱ्या सिस्टीमवर उघडण्याची शक्यता तत्त्वतः बरीच अधिक असते, आणि हायकूच्या सॉफ्टवेअर-भांडारात ओपन-जेडीके ही जावाची मुक्त आवृत्ती उपलब्ध आहे. तात्पर्य, 'लोकप्रिय प्लॅटफॉर्म आला' एवढ्याने काही ठरत नाही. त्याचा कोणता भाग आला ते पाहावे लागते.

आता आपल्या चिरंजीवांचे म्हणणे. डॉटनेट नाही म्हणून ती सिस्टीम खेळणे ठरते, हे मला मान्य नाही. पण डॉटनेटचा आग्रह धरण्यात त्यांची चूक आहे असेही मी म्हणणार नाही. फक्त आग्रहाचे कारण वेगळे असायला हवे. सर्वसाधारण समजूत अशी की प्लॅटफॉर्म आला की त्यावरचे तयार सॉफ्टवेअर मागोमाग धावत येते. ते कसे येत नाही ते वर पाहिले. माझ्या मते खरा लाभ दुसरीकडेच आहे : असा प्लॅटफॉर्म उतरवून घेताना सिस्टीमची जी झडती होते तिच्यात.

सी-शार्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम आधी एका मधल्या भाषेत उतरवला जातो आणि प्रत्यक्ष चालताना त्याचे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर होते. म्हणजे डॉटनेटचा गाभा चालता चालता मेमरीत नवा कोड लिहितो आणि लगेच तो चालवतो. सुरक्षिततेसाठी एकाच वेळी लिहिता येईल आणि चालवताही येईल अशी जागा ठेवायची नाही, हा नियम २०२२च्या डॉटनेट ७पासून आपोआप लागू असतो. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमला मेमरीचा तोच तुकडा दोन वेगळ्या परवानग्यांनी दोन ठिकाणी दाखवता आला पाहिजे. नको असलेली मेमरी गोळा करणारी यंत्रणा सुरू झाली की प्रोग्रामचे सगळे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, ठरावीक जागी थांबवावे लागतात आणि काम झाले की पुन्हा सोडावे लागतात. रिकाम्या संदर्भाला, म्हणजे जेथे काहीच नाही अशा जागेला, हात लावला गेला तर प्रोसेसर जी तक्रार करतो ती सिस्टीमने सिग्नल म्हणून अचूक त्याच थ्रेडकडे, सगळ्या रजिस्टरांच्या नोंदीसह पोहोचवली पाहिजे, कारण गाभा ती तक्रार पकडून तिचे नेहमीच्या अपवादात, म्हणजे प्रोग्रामला स्वतः हाताळता येईल अशा चुकीत, रूपांतर करतो. यांपैकी कुठेही सिस्टीम किंचित चुकली तर साध्या प्रोग्रामांत ते वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. येथे पहिल्या मिनिटाला सगळे कोसळते.

शिवाय हा सगळा कोड लिनक्सच्या सवयीने लिहिलेला आहे. प्रोग्रामच्या मेमरीचा नकाशा हवा असेल तर लिनक्सवर 'प्रॉक'मधील एक फाइल वाचतात. हायकूमध्ये प्रॉक नाही, तीच माहिती 'एरिया' या तिच्या स्वतःच्या कल्पनेतून, वेगळ्या फंक्शनने मागावी लागते. शेकडो नेटवर्क जोडण्यांवर एकाच वेळी नजर ठेवायला लिनक्सवर ई-पोल आहे, मॅकवर के-क्यू आहे, आणि डॉटनेट या दोघांपैकी एक असणारच असे धरून चालते. त्याहून मोठी गंमत कंपायलरची : सी-शार्पचा कंपायलर सी-शार्पमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे डॉटनेट नसलेल्या यंत्रावर डॉटनेट बांधायला आधी डॉटनेट लागते. हा पेच लिनक्सच्या यंत्रावर हायकूसाठीचा गाभा तयार करून, तो उचलून आणून, मग सोडवला जातो. २०२३ साली गूगल समर ऑफ कोड या, नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअरचे काम देणाऱ्या उपक्रमात एका विद्यार्थ्याने हायकूसाठी हेच काम हाती घेतले होते. अशा कामात सिस्टीमच्या ज्या उणिवा सापडतात आणि दुरुस्त होतात, त्या दुरुस्तीचा फायदा जावाला, ब्राउझरला, लिबर-ऑफिसला, सगळ्यांनाच मिळतो. डॉटनेट पुढे कोणी वापरले नाही तरी ही कमाई शिल्लक राहते.

खर्चाची बाजू मात्र चिरंजीवांना अवश्य सांगा. डॉटनेटची नवी मुख्य आवृत्ती दर वर्षी नोव्हेंबरात येते आणि समसंख्येची आवृत्ती घेतली तरी तिला अधिकृत आधार तीनच वर्षे असतो. हायकूसाठी केलेले बदल मायक्रोसॉफ्टच्या मूळ सोर्स कोडमध्ये स्वीकारले गेले नाहीत, तर कोणीतरी ते प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा लावत बसावे लागते. मूठभर स्वयंसेवकांच्या प्रकल्पात तो 'कोणीतरी' नोकरीला लागला, त्याचे लग्न झाले किंवा तो कंटाळला की पोर्ट, म्हणजे हायकूसाठी उतरवलेली प्रत, जुना होतो, आणि जुना, अपडेट न मिळणारा प्लॅटफॉर्म नसलेल्या प्लॅटफॉर्मपेक्षा वाईट, कारण लोक त्याच्या भरवशावर काहीतरी बांधून बसलेले असतात.

प्रश्न : महोदय, लोकप्रिय प्लॅटफॉर्म आणल्याने लहान सिस्टीम तगते, हा समज इतिहासाला धरून नाही. आयबीएमच्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टीमवर विंडोजचे प्रोग्राम चालत होते आणि नेमक्या त्याच कारणाने तिच्यासाठी वेगळे प्रोग्राम लिहायची कोणाला गरज वाटली नाही. हायकूने डॉटनेट, जावा आणि खिडक्या-बटणे पुरवणारी क्यूटी ही लायब्ररी यांना दारातच थांबवून स्वतःच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामांवरच भर द्यावा असे मला वाटते. आपले मत कळावे.
— एक प्राध्यापक, खानापूर

उत्तर : ओएस/२चा दाखला चपखल आहे आणि तो अर्धा मला मान्य आहे. १९९२च्या २.० आवृत्तीपासून ती डॉसचे आणि विंडोजचे प्रोग्राम चालवीत असे. तेव्हा कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीला एकदा विंडोजसाठी लिहिले की दोन्ही गिऱ्हाइके मिळत होती. परंतु तो परिणाम परक्या सिस्टीमची हुबेहूब नक्कल केल्याचा होता. १९९६च्या वॉर्प ४ या ओएस/२च्या आवृत्तीत आयबीएमने जावाही सोबत दिले होते. त्याने ती सिस्टीम वाचली नाही, तशी बुडालीही नाही. तोवर निकाल लागून गेला होता. नक्कल आणि प्लॅटफॉर्म या दोहोंना एकाच मापाने मोजू नये असे मला वाटते, कारण नकलेला यजमान सिस्टीमचे काहीच नको असते, तर प्लॅटफॉर्मला मनात आणले तर यजमानाशी बोलता येते.

मनात आणले तर, हे महत्त्वाचे. हायकूचे वैशिष्ट्य एका साध्या उदाहरणाने सांगतो. तिच्यात आलेले प्रत्येक ई-मेल ही एक स्वतंत्र फाइल असते आणि पाठवणारा, विषय, तारीख हे त्या फाइलला चिकटवलेले गुणधर्म असतात, ज्यांची सूची फाइल-प्रणाली स्वतः ठेवते. त्यामुळे मेलचा प्रोग्राम न उघडता, फाइलींच्या खिडकीतूनच, अमुक व्यक्तीकडून आलेली न वाचलेली पत्रे शोधता येतात, ती शोध-खिडकी उघडी ठेवता येते आणि नवे पत्र येताच ते तिच्यात आपोआप दिसू लागते. लिनक्सवरून जसाच्या तसा आणलेला डॉटनेटचा किंवा जावाचा मेल प्रोग्राम या सोयीच्या वाटेला जाणार नाही. तो आपली पत्रे आपल्याच डेटाबेसमध्ये कोंडून ठेवील. आपली भीती हीच असेल तर ती रास्त आहे.

तिच्यावरचा उपाय दार लावून घेणे हा नव्हे. हायकूचे बहुतेक इंटरफेस, म्हणजे प्रोग्रामने सिस्टीमशी बोलायच्या वाटा, सी-प्लस-प्लसमध्ये आहेत आणि डॉटनेटला बाहेरच्या जगात सहज हाक मारता येते ती साध्या सी-फंक्शनांना. मध्ये जोडकामाचा एक थर कोणीतरी चिकाटीने लिहावा लागतो : प्रत्येक खिडकीचा स्वतःचा थ्रेड, खिडक्यांमधले संदेश, फाइलींचे गुणधर्म, हे सगळे सी-शार्पमधून हाताळता येईल असा. गाभा उतरवण्याच्या बातम्या होतात, या थराच्या होत नाहीत. माझ्या मते प्लॅटफॉर्म त्या सिस्टीमचा झाला की नुसता तिच्यावर चढला, ते या थरावर ठरते. हायकूवर काय आणावे याचा क्रम मला विचारलात तर चांगला ब्राउझर पहिला, स्वतःचे इंटरफेस अद्ययावत ठेवणे दुसरे, आणि डॉटनेट त्यानंतर, तेही निगराणीला माणूस उभा असेल तरच.

'स्वतःच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामांवरच' या शब्दांविषयी थोडे. बी-ओएसपाशी तशी कंपन्यांची साथ होती आणि तरीही ती पुरली नाही. आज क्यूटी काढून घेतली तर हायकूच्या वापरकर्त्याच्या हातात रोजच्या कामाची किती साधने उरतील, याचा विचार करून पाहावा. याउलट प्लॅन ९ या हायकूहून लहान सिस्टीमवर गो ही आजची अत्यंत लोकप्रिय भाषा चालते, कारण गोच्या जन्मदात्यांपैकी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक हे प्लॅन ९चेही कर्ते होते आणि गोचे कंपायलर यजमानाकडून फार थोडे मागतात. डॉटनेट पुष्कळ मागते. प्लॅटफॉर्म लोकप्रिय आहे की नाही यापेक्षा तो किती मागतो, हे लहान सिस्टीमने आधी पाहावे.

प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून हायकूच्या कामाला हातभार लावू इच्छितो. कॉलेजात आम्हाला जावा आणि थोडे सी-शार्प शिकवले जाते. सी-प्लस-प्लस पहिल्या वर्षानंतर सुटले. डॉटनेटच्या पोर्टवर काम करावे का?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : डॉटनेटच्या पोर्टवर काम करायचे तर सी-शार्प फारसे कामी येत नाही, त्याचा गाभा सी-प्लस-प्लसमध्ये आहे आणि अडचणी येतात त्या सिग्नल, थ्रेड आणि लिंकर यांच्या. तेव्हा सुटलेले सी-प्लस-प्लस पुन्हा हाती घेणे भागच आहे. सुरुवात मात्र त्या पोर्टने करू नका. पंधरा दिवसांत काही हाती लागेल असे काम हायकू-पोर्ट्समध्ये मिळते. तेथे बाहेरचे लहान प्रोग्राम हायकूवर बांधण्याच्या कृती लिहिल्या जातात आणि दोन-चार कृती लिहिल्या की सिस्टीमच्या खाचाखोचा आपोआप कळू लागतात.

आपल्या भागाला उपयोगी पडेल असे एक काम सुचवतो. निपाणीत दुकानाची पाटी, बिल, पावती यांवर मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी असतात. एका मजकूर-फाइलमध्ये 'निपाणी', 'श्रीक्षेत्र', 'कर्ज', 'दृष्टी' असे शब्द आणि तितकेच कन्नड जोडाक्षरांचे शब्द लिहा आणि ती फाइल तीन ठिकाणी उघडा : हायकूच्या मूळ संपादकात, क्यूटीवर बेतलेल्या एखाद्या संपादकात आणि जावाच्या एखाद्या प्रोग्राममध्ये. क्यूटी अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी आपल्यासोबत आणते, आणि जावाही नवव्या आवृत्तीपासून तीच वापरते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे येते का, रफार योग्य अक्षरावर चढतो का, कन्नडची ओत्ताक्षरे (जोडाक्षरातली खाली लिहायची व्यंजने) खाली बसतात की सुटी पडतात, हे तिन्ही ठिकाणी पाहून स्क्रीनचित्रांसह नोंदवा. मूळ संपादकात जे चुकते आणि क्यूटीत जे बरोबर येते, त्या प्रत्येक शब्दाची वेगळी तक्रार हायकूच्या दोष-नोंदणीत, आवृत्तीचा क्रमांक आणि वापरलेला फॉन्ट लिहून, इंग्रजीत दाखल करा. ही चाचणी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे चालू सिस्टीमच्या आतच उभ्या केलेल्या कृत्रिम संगणकातही होते; त्यासाठी घरच्या संगणकाची डिस्क पुसण्याची गरज नाही, आणि वडिलांच्या हिशेबाच्या संगणकावर तर ती मुळीच करू नये.